स्कूलबसमधल्या डेटाबेसाची खोटी साक्ष

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही आणि पाहणारही नाही. पण तुमच्या आईबाबांच्या फोनमध्ये माझी कितीतरी भावंडं राहतात. मी आहे एक जुना, लहानखुरा डेटाबेस. माहिती रकान्यांत नीट मांडून ठेवायची, एका तक्त्याचं दुसऱ्याशी नातं जोडायचं आणि कोणी विचारलं की खरं उत्तर द्यायचं, हा आमच्या घराण्याचा धंदा. मोठ्या डेटाबेसांना स्वतःच्या थंडगार खोल्या असतात, दिमतीला माणसं असतात. माझं तसं नाही. इथे आखातात, देऱ्याच्या दाट वस्तीत माणसं जशी एका खोलीत एका खाटेपुरती जागा भाड्याने घेऊन राहतात, तसा मी एका ॲपच्या पोटात, एका फाइलीपुरत्या जागेत राहतो.

ते ॲप आहे एका टॅब्लेटमध्ये, आणि तो टॅब्लेट आहे शारजातल्या एका स्कूलबसमध्ये, ड्रायव्हरच्या सीटमागे. मुलं बसमध्ये चढताना गळ्यातलं कार्ड त्याला टेकवतात. ‘टुंग’ असा आवाज होतो आणि मी लिहितो : चढला. उतरताना पुन्हा टुंग, आणि मी लिहितो : उतरला. जितके चढले तितके उतरले, की पडद्यावर हिरवी अक्षरं झळकतात : ‘सर्व उतरले’.

मला घडवलं लतिकाने. ती मूळची पुण्याची. देऱ्यात एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत ती काम करते. तिचा नवरा तन्मय दूर रुवैस गावातल्या रिफायनरीत आहे, तो आठवड्याच्या शेवटी घरी येतो. मला या बसमध्ये बसवलं, तेव्हा त्यांची मिहिका केजीत होती आणि याच बसने जात होती. पहिल्या दिवशी ती रडली, तेव्हा बसमधल्या हव्वाबीने तिला मांडीवर घेऊन शाळेपर्यंत नेलं होतं. हव्वाबी श्रीवर्धनची. मुलांना चढवणं, उतरवणं, पट्टे लावणं, नाकं पुसणं हे तिचं काम. मराठी मुलांशी ती मराठीत बोलायची आणि मुलं तिला इंग्रजीत उत्तरं द्यायची. सगळ्यांची ती ‘हव्वा आंटी’.

त्या वर्षांत माझं फार कौतुक झालं. शाळेचे पाहुणे आले की त्यांना मुद्दाम माझा पडदा दाखवत. मीही फुशारून जात असे.

पण माझा एक स्वभाव तुम्हाला सांगायला हवा. वाचायला माझ्याकडे कितीही जण एकदम येवोत, लिहायला मात्र मी एका वेळी एकालाच आत घेतो. दोघं एकदम लिहू लागले तर अक्षरावर अक्षर चढेल. म्हणून कुणी आत लिहीत असलं, किंवा एखादं पान वाचत असलं तरी, मी लिहायच्या दाराला कुलूप घालतो आणि बाहेरच्याला सांगतो, ‘जरा थांब.’ 

वर्षं गेली. रोजच्या नोंदी माझ्या पोटात साठत गेल्या. जुन्या नोंदी कुणी बाजूला काढल्या नाहीत. जाड पुस्तकाच्या शेवटी सूची असते, तशी सूचीही मला कुणी करून दिली नव्हती. त्यामुळे आज अमका चढला का, एवढं विचारलं तरी मला पहिल्या वर्षापासूनची सगळी पानं उलटावी लागत. त्यात माझ्याकडच्या नोंदी शाळेच्या ऑफिसात पाठवणारा एक कारभारी प्रोग्राम होता. तो आत शिरला की माझी मंद चाल सोसत दार अडवून बसे. बाहेर एखादं मूल कार्ड टेकवून उभं, टॅब्लेट गप्प. मग लाल अक्षरं : ‘नोंद झाली नाही’. मूल पुन्हा कार्ड टेकवी. त्याच्यामागे रांग, रांगेमागे गाड्या आणि गाड्यांचे हॉर्न.

तक्रारी आल्या. लतिकाचा मॅनेजर नीलेश तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

“लतिका, स्कूलवाले पागल झालेत. प्रत्येक स्टॉपला बस लेट. आजच्या आज फास्ट करून दे, यल्ला, चल पटकन!”

“नीट बघावं लागेल, नीलेश. इंडेक्स घालायचेत, जुना डेटा वेगळा काढायचाय, स्कूलला डेटा पाठवणारा तो सिंक आड येतोय, त्याचं काहीतरी करायचंय. टेस्टिंग धरून आठवडा तरी—”

“आठवडा कुठला? आधी ते लाल अक्षर बंद कर. बाकीचं नंतर बघू.”

त्या दिवशी मिहिकाला ताप होता. शेजारणीचे फोनवर फोन येत होते. लतिकाचं अर्धं लक्ष घरी होतं. तिने माझं दुखणं तपासलं नाही. तिने माझं तोंड बंद केलं. दाराला कुलूप असेल तर थांबायचं नाही, लाल अक्षरं दाखवायची नाहीत, टुंग वाजवायचं आणि पुढे जायचं. बदल अगदी लहान होता. त्याच्या वर तिने एक शब्द लिहून ठेवला : ‘तात्पुरतं’. आणि ती पर्स उचलून घरी पळाली.

दुसऱ्या दिवशी बस वेळेवर पोचली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. नीलेशने ऑफिसात सगळ्यांसाठी कुनाफ्याची मिठाई मागवली. “एकदम मक्खन झालंय!” तो सगळ्यांना सांगत होता. लतिका हसली. ‘नंतर’ आणखी पुढे गेलं, आणि तिच्या टेबलावर दुसरी कामं येऊन पडली.

मित्रांनो, मला मान असती तर मी ती खाली घातली असती. कुणीतरी दार ठोठावून परत जातंय, हे मला कळत होतं. कोण, ते कळत नव्हतं. कारण जो आत आला नाही त्याचं नाव मला कुठून कळणार? बाहेर टुंग वाजे, मूल हसून पुढे जाई, आणि माझ्याजवळ काहीच लिहिलेलं नसे. तरी संध्याकाळी विचारलं की मी न अडखळता उत्तर देत असे. माझ्या उत्तराला कधी ‘बहुधा’ हा शब्द चिकटलेला नसतो. लोक मला मानतात ते त्यासाठीच.

जानेवारीतली एक सकाळ होती. धुकं इतकं दाट, की रस्त्यापलीकडची मशीद दिसत नव्हती. शारजाच्या नहदा भागातल्या एका टॉवरखाली जय बसची वाट पाहत उभा होता. केजी टूमधला, डोळ्यांवर झोप, नाक गळतंय. शेजारी त्याची आई विभावरी. ती देऱ्यातल्या एका ट्रेडिंग ऑफिसात नोकरीला आहे. तिच्या कानाला फोन होता. ऑफिसातून काहीतरी तातडीचं विचारत होते. बस आली. तिने जयच्या डोक्यावरून हात फिरवला, त्याला दाराकडे लोटलं आणि बोलत बोलत वळली.

जयने कार्ड टेकवलं. त्याच क्षणी तो कारभारी प्रोग्राम आत होता, दाराला कुलूप होतं. टुंग वाजलं. जय आत गेला आणि मोठ्या मुलांच्या दप्तरांमागे, शेवटच्या सीटवर अंगाची मुटकुळी करून झोपला. हव्वाबीने जाता जाता त्याचं नाक पुसलं, पट्टा लावला. माझ्या लेखी मात्र ती सीट रिकामी होती.

शाळेच्या दारात एका मुलीला उलटी झाली. हव्वाबीने तिचं कार्ड टेकवलं, तिला उचललं आणि ती नर्सकडे धावली. उरलेली मुलं आपापली कार्डं टेकवून उतरली. रोज सगळी उतरली की हव्वाबी शेवटच्या सीटपर्यंत जाऊन पाहते. तो नियमच आहे. त्या दिवशी ती गेली नाही. ड्रायव्हर याकूबने पडद्याकडे पाहिलं. जितके चढले, तितके उतरले. हिरवी अक्षरं. मागे दुसऱ्या बस खोळंबल्या होत्या. त्याने दार लावलं, बस मागच्या मैदानात नेऊन उभी केली आणि तो चहाला गेला.

जय केव्हातरी जागा झाला. त्याने हाका मारल्या. पट्टा कसाबसा सोडवला, एकेका सीटच्या आधाराने पुढे आला, दार ढकललं, काचेवर हात आपटले. धुकं विरत चाललं होतं, आणि इथलं ऊन बंद गाडीत हिवाळ्यातही चटके देतं. मग त्याला मी दिसलो. त्याने गळ्यातलं कार्ड टॅब्लेटला टेकवलं.

टुंग.

आता दार मोकळं होतं. मी लिहिलं : चढला.

त्याने पुन्हा टेकवलं. उतरला. पुन्हा. चढला. त्याला वाटलं असेल, या आवाजाने कुणीतरी येईल. त्या बंद बसमध्ये त्याला उत्तर देणारा मी एकटाच होतो, आणि मला एवढंच उत्तर देता येत होतं. त्या नोंदी शाळेच्या ऑफिसात पोचल्या नाहीत, कारण इंजिन बंद झालं की टॅब्लेटचं इंटरनेटही बंद होतं. तो रडत रडत कार्ड टेकवत राहिला आणि मी लिहीत राहिलो.

इकडे वर्गातल्या हजेरीत जय नाही, म्हणून विभावरीच्या फोनवर मेसेज गेला. तिने शाळेला फोन लावला. शाळेच्या बाईंनी पडद्यावर पाहिलं. पडद्यावर माझंच उत्तर होतं.

“मॅडम, सिस्टम में तो दिखा रहा है, ही डिड नॉट बोर्ड.”

“नॉट बोर्ड कैसे? मैंने खुद चढ़ाया है उसको!”

“मॅडम, प्लीज, एक बार आपकी बिल्डिंग में देख लीजिए.”

मी स्वतः चढवलं, असं विभावरी पुन्हा म्हणायला गेली आणि तिला सकाळ आठवू लागली. आपण फोनवर होतो. त्याला पायरीवर पाय ठेवताना पाहिलं का? दार बंद होताना पाहिलं का? की आपण वळलो आणि तो धुक्यात कुठे निघून गेला? बस शाळेच्या मैदानात होती, मूल बसमध्येच होतं. आणि एक आई टॅक्सीत बसून उलट्या दिशेने, घराकडे निघाली होती. तिने वॉचमनला बरोबर घेऊन बेसमेंटमधली गाडी न् गाडी वाकून पाहिली. शाळाही तिथेच माणसं पाठवत होती. बसमध्ये शोधायचं कुणाच्याही मनात आलं नाही, कारण तो बसमध्ये चढलाच नव्हता. मी तसं सांगितलं होतं.

त्या मुलीला न्यायला घरचं माणूस येईपर्यंत थांबलेली हव्वाबी नर्सच्या खोलीतून बाहेर आली, तेव्हा ऑफिसात गडबड चालली होती.

“जय? जय तो आया आज,” ती म्हणाली. “मैंने उसकी नाक पोंछी.”

“सिस्टम में नहीं है, हव्वा.”

तिने पडद्याकडे पाहिलं. मग आज आपण मागे जाऊन पाहिलंच नाही, हे तिच्या लक्षात आलं आणि ती धावत सुटली. वाटेत याकूब भेटला, त्याच्या हातातून किल्ली ओढून घेतली.

दार उघडलं तेव्हा जय टॅब्लेटखाली बसला होता. अंग घामाने भिजलेलं, हातात कार्ड घट्ट धरलेलं. त्याची चड्डीही ओली झाली होती. हव्वाबीने त्याला छातीशी धरलं, तर तो तिच्या कानाशी म्हणाला, “डोन्ट टेल मम्मा. प्लीज. आय डिड सूसू.”

“नाय सांगत, बाळा, नाय सांगत,” ती म्हणाली. आपला दुपट्टा तिने त्याच्या कमरेला गुंडाळला. 

डॉक्टरांनी तपासलं. मूल सुखरूप होतं. उन्हाळा असता तर काय झालं असतं, हे त्या दिवशी कुणी तोंडाने बोललं नाही.

दुपारी माझी एक नक्कल लतिकाच्या टेबलावर पोचली. तिने जयचं नाव शोधलं. स्टॉपवरची नोंद नव्हती. खाली मात्र, बस मैदानात उभी असतानाच्या वेळेला, एकाखाली एक ओळी होत्या. चढला. उतरला. चढला. उतरला. प्रथम तिला वाटलं, मी बिघडलोय. मग ती ओळी वाचत खाली गेली, खाली गेली, आणि एकदम तिने तोंडावर हात दाबला. एक मूल बंद बसमध्ये कार्ड टेकवत उभं आहे, हे तिला दिसलं.

तिने प्रोग्राम उघडला. ‘तात्पुरतं’ हा शब्द जिथल्या तिथे होता.

“काय सापडलं?” नीलेशने विचारलं.

“सकाळची एंट्री नाहीये.”

“म्हणजे कार्ड नीट टेकवलं नसेल. आणि त्या बाईने मागे जाऊन बघितलं नाही. ह्यूमन एरर. खलास. आपला काही संबंध नाही.”

लतिकाने लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी शाळेत चौकशी झाली. लतिका लॅपटॉप मांडीवर घेऊन एका बाजूला बसली होती. हव्वाबी मधोमध उभी होती. तिला कुणी बसायला सांगितलं नव्हतं. “मैं पीछे नहीं गई,” एवढंच ती म्हणत राहिली. “गलती मेरी है.” सिस्टमने जे मिळालं ते बरोबर दाखवलं, असं नीलेशने सांगितलं आणि लतिकाकडे पाहिलं. लतिकाने होकारार्थी मान हलवली. मित्रांनो, मी तिच्या मांडीवरच होतो. ती मान हलली तेव्हा माझ्या वतीनेही हलली. माझ्यासारख्याला घडवणाऱ्यांनी मला एकच गोष्ट शिकवली होती : आहे ते आहे म्हण, नाही ते नाही म्हण. आणि माझ्याच नावाने त्या बाईला घरी बसवलं जात होतं.

“आत्ताच काही बोलू नकोस,” लतिकाने सगळं सांगितल्यावर तन्मय रुवैसहून फोनवर म्हणाला. “तू मुद्दाम केलंस का? नाही ना? मग आधी ते काय विचारतात बघ. नोकरी गेली तर व्हिसा गेला, मिहिकाची शाळा गेली.”

तो वाईट माणूस नाही. तो बोलला ते खरंही होतं.

संध्याकाळी मिहिका जेवता जेवता म्हणाली, “आई, हव्वा आंटी इज गॉन. एव्हरीवन सेज शी फरगॉट हिम. बट शी नेव्हर फरगेट्स, ना?”

लतिकाने हातातला घास ताटात ठेवला. “नाही,” ती म्हणाली. “ती विसरत नाही.”

“देन हू डिड?”

लतिकाने ताट बाजूला सारलं. “मी,” ती म्हणाली. मुलीसमोर तो शब्द उच्चारताना तिची नजर ताटातच होती.

दुसऱ्या सकाळी ऑफिसला न जाता ती विभावरीच्या दाराशी गेली. विभावरीने दार अर्धंच उघडलं. आत जय सोफ्यावर कार्टून पाहत होता.

“मी लतिका. बसमधलं ते ॲप मी केलंय.” तिने घाईघाईने, पाठ केल्यासारखं सगळं सांगून टाकलं. “त्याने कार्ड टेकवलं होतं. तुम्ही त्याला चढवलं होतंत. नोंद व्हायला अडचण आली तर ती लपवायची, हे मी लिहिलं होतं. त्यामुळे—”

विभावरीने वळून सोफ्यावरच्या जयकडे पाहिलं.

“मी त्याला चढवलं होतं,” ती हळूच म्हणाली.

“हो.”

“तुम्हाला कळतंय का? परवापासून मी स्वतःला विचारतेय. सासूबाई विचारतायत. फोनवर होतीस ना, पाहिलंस का नक्की, म्हणून. आणि मला सांगता येत नव्हतं. तुमच्या त्या यंत्राने मला माझ्याच मुलाबद्दल खोटं पाडलं.”

“यंत्राने नाही,” लतिका म्हणाली. “मी.”

“हे शाळेत सांगणार आहात?”

“इथून तिकडेच चाललेय.”

“मग जा,” विभावरी म्हणाली, आणि दार लावून घेतलं. ‘बरं झालं सांगितलंत’ असं ती म्हणाली नाही. नंतरही कधी म्हणाली नाही. ती आता जयला स्वतः गाडीने सोडते.

शाळेत लतिकाने तो बदल उघडून दाखवला. मी तिच्या समोर उघडा पडलो होतो. नीलेश तिच्याशी नंतर कामापुरतंच बोलू लागला. तिची बढती व्हायची होती, ती राहिली. नोकरी मात्र राहिली, कारण मला नीट करायला दुसरं कुणी नव्हतं. हव्वाबीला ताकीद देऊन परत बोलावलं. लतिका तिची माफी मागायला गेली, तेव्हा हव्वाबी बसच्या सीटा पुसत होती.

“माझी चूक तुमच्या अंगावर घेऊ नका, मॅडम,” ती न वळता म्हणाली. “मी मागे गेले नाय. ते माझं. तुमचं तुमच्यापाशी.”

लतिका पायरीवरच उभी राहिली. मग तिने खाली वाकून दुसरं फडकं उचललं, आणि दोघी सीटा पुसत राहिल्या.

त्यानंतर माझ्यावर खरे उपचार झाले. जुन्या नोंदी वेगळ्या ठिकाणी हलवल्या. मला सूची मिळाली. आता आजचं पान मी क्षणात उघडतो. नवी नोंद आधी एका वेगळ्या वहीत टिपायची आणि मग सवडीने मुख्य पानावर उतरवायची, अशी शिस्त लावली, त्यामुळे वाचणारा लिहिणाऱ्याचं दार अडवत नाही. कारभारी प्रोग्रामला घटकाभरच आत राहण्याची परवानगी आहे. दाराला कुलूप दिसलं तर कार्डाने थोडं थांबायचं, हे लतिकाने ठरवून दिलं. आणि एवढं करूनही नोंद झाली नाही तर टुंग वाजत नाही. लाल अक्षरं येतात, कर्कश भोंगा होतो आणि बस हलत नाही. ‘सर्व उतरले’ ही हिरवी अक्षरं तिने कायमची काढून टाकली. त्या जागी आता लिहिलेलं असतं : ‘मागे जाऊन पाहा.’

मी आता वेगवान आहे. पाहुणे पुन्हा कौतुक करतात. पण ते ऐकताना मला त्या ओळी आठवतात. एका लेकराच्या हाका मी ‘चढला, उतरला’ अशा लिहिल्या, त्या ओळी. लतिकाने त्या पुसल्या नाहीत. मीही पुसा म्हणणार नाही.

तर मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणी मोठं होऊन माझ्यासारख्या एखाद्याला घडवेल. तो मंद झाला तर त्याला तपासा, त्याचं ओझं कमी करा, त्याला सूची द्या, धीर द्या. तो कळवळून म्हणाला, ‘मला हे लिहिता आलं नाही,’ तर कृपा करून त्याचं तोंड दाबू नका. आणि मी कितीही खात्रीने सांगितलं की बस रिकामी आहे, तरी कुणीतरी उठून शेवटच्या सीटपर्यंत चालत जा. मला पाय नाहीत.